नवा टॅब घेतल्याने डोळे वाचतील?

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही आणि एसी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले. टॅब्लेटवर आधीपासूनच 18 टक्के कर असल्याने तिथे दरकपातीचा लाभ काहीच नाही. तरीही ‘जुना द्या, नवा घ्या’ या जाहिराती टॅबपर्यंत पोहोचतातच आणि घरोघरी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : नवा पडदा मुलांच्या डोळ्यांना कमी त्रास देईल.

आयपॅडचेच उदाहरण घेऊ. ऑक्टोबर 2022 मध्ये दहाव्या पिढीचा साधा आयपॅड आला, मार्च 2025 मध्ये त्याची पुढची आवृत्ती. प्रोसेसर ए14 चा ए16 झाला, सुरुवातीची साठवणक्षमता 64 जीबीवरून 128 जीबीवर गेली. पडदा मात्र जवळपास तोच, एलसीडी प्रकारचा. म्हणजे ज्या कारणासाठी पैसे मोजायचे, ते कारणच बदललेले नाही.

मुळात डोळ्यांचा थकवा बहुतेक वेळा पडद्याच्या पिढीमुळे येत नाही. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, डोळे कोरडे पडतात. जवळच्या वस्तूवर तासन्‌तास नजर खिळवल्याने स्नायूंवर ताण येतो. निळ्या प्रकाशाचा बाऊ बराच झाला आहे. संगणकासाठी निळा प्रकाश अडवणारे खास चष्मे वापरण्याची शिफारस अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटनाही करत नाही. झोपेचा प्रश्न वेगळा. बोस्टनमध्ये झालेल्या आणि 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 जणांनी झोपण्यापूर्वी चार तास वाचन केले. काही दिवस छापील पुस्तक, काही दिवस पूर्ण उजेडावर ठेवलेला आयपॅड. आयपॅडवर वाचल्यावर झोप लागायला सरासरी सुमारे 10 मिनिटे जास्त लागली. अभ्यास छोटा होता, आणि रोज चार तास पूर्ण उजेडात कोण वाचतो, हेही आहेच. पण उजेड कमी करणे आणि टॅब वेळेवर बाजूला ठेवणे यासाठी नवे यंत्र लागत नाही.

एक सोय मात्र खरोखर उपयोगाची आहे. पडदा सुमारे 30 सेंटीमीटरपेक्षा जवळ बराच वेळ धरला तर सूचना देणारी. पण तिला चेहरा ओळखणारा कॅमेरा लागतो. तो साध्या आयपॅडमध्ये नाही, महागड्या प्रोमध्ये आहे. लहान मुलांच्या हाती सहसा कोणता टॅब असतो, हे सांगायला नको. तिथे वीतभर अंतर कमी वाटले की आईबाबांनीच ‘लांब धर’ म्हणायचे.

मग बदलायचा कधी? पहिला निकष सुरक्षेचा. सप्टेंबर 2025 मध्ये आलेले आयपॅडओएस 26 हे 2020 च्या आठव्या पिढीच्या आयपॅडवर चालते, 2019 च्या सातव्या पिढीवर चालत नाही. जुन्या आवृत्तीला काही काळ सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात. त्या थांबल्या की बँकेचे व्यवहार अशा टॅबवर करणे धोक्याचे. दुसरा निकष बॅटरीचा. कंपनीच्या म्हणण्यानुसार 1000 पूर्ण चार्जिंगनंतर बॅटरीची 80 टक्के क्षमता उरावी. रोज पूर्ण बॅटरी संपवणाऱ्या घरात हे पावणेतीन वर्षांत होते, तीन दिवसांतून एकदा चार्ज करणाऱ्यांकडे आठ वर्षे लागतात. शिवाय बॅटरी बदलता येते. फुगलेली बॅटरी मात्र त्याच दिवशी वापरातून काढावी, तिथे काटकसर नको.

जगभरात 2022 मध्ये 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम 22.3 टक्क्यांचेच रीतसर संकलन व पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. टॅबच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो कारखान्यात तयार होतानाच पडतो, त्यामुळे चालता टॅब आणखी दोन वर्षे वापरणे पर्यावरणाच्या हिशेबातही बसते. बदलायचाच ठरला, तर माहिती पूर्ण पुसून तो अधिकृत संकलन केंद्रात द्यावा, भंगारवाल्याच्या पोत्यात नव्हे.