‘उडवा की एकदा!’

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी शंभरेक किलोमीटरवर भिगवणला थांबते, ती बहुधा मासळीच्या ताटासाठी. तिखट रस्सा ओरपून मंडळी पुन्हा महामार्गाला लागतात. ताटातली चिलापी ज्या पाण्यातून आली, ते उजनी धरणाचे पाणी तिथून हाकेच्या अंतरावर असते आणि हिवाळ्यात त्यावर पक्ष्यांची जत्रा भरलेली असते. जेवणाला तासभर देणाऱ्यांनी कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या काठालाही अर्धा तास द्यावा.

मात्र कधी जायचे, हे कळायला हवे. दिवाळीच्या सुट्टीत रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहायला गेलेले अनेकजण हिरमुसून परततात. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा साठा सुमारे ११७ टीएमसी. ते तुडुंब असते तेव्हा काठचा चिखल खोल बुडालेला असतो. रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. म्हणजे पाणी ओसरेपर्यंत त्याचे पान मांडलेच जात नाही. जानेवारीपासून पुढे ते मांडले जाते. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी आली की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो, पळसदेवचे बुडालेले मंदिर पाण्याबाहेर डोकावते आणि पक्ष्यांना पाय टेकायला जागा वाढते. माणसाने शेतीसाठी बांधलेल्या जलाशयाचा हा हिशेब असा उलटासुलटा आहे.

रोहितच्या नादात बाकीच्यांकडे दुर्लक्ष होते, हेही खरे. चित्रबलाक, शेकाट्या, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस... आणि वारकरी! काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या या पाणपक्ष्याला मराठीत हेच नाव आहे, आणि तो पोहतो ती भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. अशी नावे गोळा करून ‘पक्षिकोश’ रचणारे मारुती चितमपल्ली याच रस्त्याच्या टोकाच्या सोलापूरचे.

खरी तक्रार आहे ती नावेत बसल्यानंतरची. थवा दिसला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘उडवा की एकदा!’ पंख उघडले की आतला लालभडक रंग दिसतो, फोटो झकास येतो. नावाडी बिचारा गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून नाव आणखी पुढे घेतो. थवा उडतो, लांब जाऊन बसतो, तोवर दुसरी नाव तिकडे वळलेली असते. रविवारी हे किती वेळा घडत असेल! दर वेळी पक्ष्याचे खाणे थांबते आणि अंगातली ताकद फुकट जाते. वसंतात मध्य आशियाकडे निघायच्या तयारीतल्या हंसांना तर अंगावर चरबी साठवायची असते; नेमके त्याच दिवसांत त्यांना पळवत ठेवणे म्हणजे प्रवासाला निघालेल्याची शिदोरी हिसकावण्यासारखे आहे.

यात नावाड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांतले बरेचजण मूळचे मासेमार. कोणता पक्षी कुठल्या खाडीत बसतो हे त्यांना तोंडपाठ असते. गिऱ्हाईक मागेल ते ते देतात. तेव्हा मागणीच बदलावी. नावेत पाय ठेवण्याआधीच सांगून टाकावे: लांबूनच दाखवा, थवा उडवू नका. आणि पैसे देताना घासाघीस करू नये.