माणसांना पट्टा, मग सामानाला का नाही?

गणपतीच्या दोन दिवस आधी शिळफाट्यावर उभं राहून पाहिलं, तर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतून कोकणाकडे निघालेल्या गाड्यांच्या मागच्या काचेतून बाहेरचं काहीही दिसत नाही. दिसतं ते सामान. मखराचे थर्माकोलविरहित नवे साचे, लायटिंगच्या पेट्या, पितळी समया, तेलाचा डबा, तांदळाची गोणी, पाण्याचे कॅन आणि सगळ्यांत वर, पार्सल ट्रेवर, ऐनवेळी आठवलेली छत्री. गाडी पळाली की घरच पळतं म्हणा ना. आणि या फिरत्या घरातली बहुतेक वस्तू कशालाही बांधलेली नसते.

खरोखरीचं फिरतं घर, म्हणजे मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन, आपल्याकडे अजून नवलाईचंच आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, पण रस्त्यावर अशा गाड्या क्वचितच दिसतात. त्या गाड्यांकडून शिकण्यासारखी गोष्ट मात्र साधी आहे. त्यातल्या प्रत्येक कपाटाला खटक्याची कडी असते. जड वस्तू खालच्या कप्प्यात आणि हलक्या वर, हा तिथला पहिला नियम. भांड्यांखाली न घसरणारी जाळीदार मॅट, काचेऐवजी स्टील किंवा मेलामाइन, आणि निघण्यापूर्वी सगळी दारं हाताने ओढून पाहणं. हे टापटिपीसाठी नसतं. घर ताशी ८० किलोमीटरने धावणार असेल, तर कपाटातली कढईसुद्धा ताशी ८० किलोमीटरने धावत असते, एवढं भान त्यामागे असतं.

आपल्या पाचआसनी गाडीत नेमकं हेच भान सुटतं. शाळेत शिकलेलं जडत्व इथे आठवायला हवं. ब्रेक लागतो तो चाकांना. मागच्या सीटवरच्या स्टीलच्या थर्मासला कोणी ब्रेक लावत नाही. तो आपल्या वेगाने पुढे जातच राहतो, कशावर तरी आदळेपर्यंत. ताशी ५० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगाने आदळणाऱ्या वस्तूत जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ती सुमारे १० मीटरवरून खाली पडताना कमावते. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलेला नारळ. वेग ८० झाला, तर हीच उंची २५ मीटर होते, म्हणजे आठवा मजला. १०० ला ती ३९ मीटर, म्हणजे तेराव्या मजल्याच्या आसपास. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. कुंडी गॅलरीच्या कठड्यावर ठेवू नका, असं सोसायटीच्या फलकावर लिहिणारे आपण, तोच नारळ गाडीत आजीच्या मानेमागे मोकळा ठेवतो.

बांधलेल्या आणि मोकळ्या वस्तूत फरक काय? टक्कर होते तेव्हा गाडीचं नाक चेपतं आणि गाडी साधारण अर्धा-पाऊण मीटरच्या अंतरात थांबते. बांधलेली वस्तू गाडीबरोबर त्या अंतरात थांबते. मोकळी वस्तू थांबते ती समोरच्या माणसाच्या डोक्यावर किंवा मानेवर, आणि तेही चार-दोन सेंटिमीटरमध्ये. थांबण्याचं अंतर जितकं कमी, तितका आघात मोठा. सीटबेल्टचं आणि सामानाच्या दोरीचं शास्त्र एकच आहे. मांडीवरच्या बाळालाही तेच लागू. ताशी ५० च्या टकरीत १० किलोचं मूल हातातून सुटताना सुमारे १४० किलोचा ओढा देतं. कितीही घट्ट धरलं तरी आईचे हात ते पेलू शकत नाहीत.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला झालेल्या अपघातात मागे बसलेले दोघे दगावले. त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली. नियम आधीपासूनच होता, एक हजार रुपये दंडही होता, पण लोकांच्या कानावर तो तेव्हा पडला. त्या चर्चेचा उरलेला अर्धा भाग सामानाचा आहे आणि तो आपण अजून सुरूच केलेला नाही. पट्टा लावून बसलेल्या माणसाच्या मागून १२ किलोची मोकळी बॅग येत असेल, तर पट्ट्याने त्याला धरून ठेवलंय ते तिच्या वाटेतच. जर्मनीच्या वाहतूक नियमांत, अचानक ब्रेक लागला किंवा गाडी वळवावी लागली तरी सामान हलता कामा नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या आधी टायर, ब्रेक आणि मद्यपानाबद्दल सूचना निघतात. त्या यादीत सामानाची एक ओळ घालायला काहीच खर्च नाही. ती घातली पाहिजे.

जागाच नसते, हा यावरचा नेहमीचा आणि खरा युक्तिवाद. आपल्या भागातल्या अनेक गाड्या सीएनजीवर चालतात आणि डिकीतली निम्मी जागा टाकीनेच खाल्लेली असते. सातआसनी गाडीत सातही जण बसले, तर तिसऱ्या रांगेच्या मागे वीतभर जागा उरते. मग सामान वर चढतं, सीटच्या पाठीच्याही वर, आणि तिथूनच ते उडतं. म्हणून पहिला उपाय बांधण्याचा नाही, तर कमी नेण्याचा आहे. तांदूळ, तेल आणि पाण्याचे कॅन महाड, खेड, चिपळूणच्या बाजारातही मिळतात.

उरलेलं सामान नीट रचायचं. जड बॅगा डिकीच्या तळाला, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून. मध्ये मोकळी जागा राहिली, तर बॅगेला धाव घ्यायला जागा मिळते. सीटच्या पाठीच्या उंचीवर काही नको. जावंच लागलं, तर वरून जाळी किंवा पट्टा हवा. बहुतेक गाड्यांच्या डिकीत त्यासाठी हुक असतात आणि जाळी काही शे रुपयांत मिळते. मागे कोणी बसणार नसेल, तरी तिथले पट्टे खटक्यात अडकवून ठेवावेत. मागून सामान रेटलं तर सीटच्या पाठीला तेवढाच आधार. पार्सल ट्रे ही फळी नाही, तिच्यावर काहीही ठेवू नये. टपावर फक्त हलकं सामान, कारण वजन वर गेलं की कशेडी, भोस्ते आणि परशुरामच्या वळणांवर गाडी जास्त कलते.

काही गोष्टींची जागा ठरलेलीच हवी. पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यात. ती चालकाच्या पायाशी घरंगळून ब्रेकखाली अडकली, तर घाटात दुसरी संधी मिळत नाही. स्टेपनी, जॅक आणि लाल त्रिकोण सगळ्या सामानाच्या तळाशी गाडले असतील, तर पंक्चर झाल्यावर रात्री महामार्गाच्या कडेला अख्खा संसार मांडावा लागतो, आणि तिथे उभं राहणंच सर्वांत धोक्याचं असतं. औषधांची पिशवी हाताशी असावी, पण डॅशबोर्डवर नको. उन्हात उभ्या गाडीत इन्सुलिन निकामी होऊ शकतं. स्वयंपाकाचा सिलिंडर आणि फटाके गाडीत नकोतच.

राहता राहिला बाप्पा. पेणहून घेतलेली मूर्ती पुढच्या सीटवर कोणाच्या तरी मांडीवर न्यायची आपली पद्धत श्रद्धेची आहे, पण तिथे समोर एअरबॅग असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि मांडीवरची मूर्ती बसलेल्याच्या छातीवर, तोंडावर फेकली जाते. मूर्ती मऊ कापड भरलेल्या खोक्यात किंवा पेटीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून न्यावी. त्यात अवमान काहीच नाही. पाटावर बसवतानाही आपण ती हलणार नाही ना, हे पाहतोच. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेल्या छोट्या धातूच्या मूर्तीलाही हाच न्याय लावावा.

इतकी वर्षं गावी जातोय, कधी काही झालं नाही, असं अनेक जण म्हणतील. ज्यांना झालं, ते हे सांगायला उरलेले नाहीत, हा त्या युक्तिवादातला दोष. जुन्या एसटीच्या टपावर चढून हमाल दोरीचे फास मारायचे, तेव्हा ट्रंक पडू नये हीच काळजी असायची. आता तीच ट्रंक आपल्या डोक्यामागे आहे. निघण्यापूर्वी दहा मिनिटं द्या, सामान हाताने ओढून पाहा. जे हलेल, ते बांधा. जे बांधता येत नाही, ते घरी ठेवा.