‘झाली का परीक्षा?’ सोडून काहीही विचारा

तुमच्या ग्रुपमध्ये एनडीए नाहीतर सीडीएसची तयारी करणारं एक तरी पात्र असणारच. पहाटे ग्राउंड, दुपारी इंग्रजी पेपरचं मोठ्याने वाचन, रात्री आरशासमोर कॉन्फिडन्स. आमच्या घरी हे सगळं दादाने केलं. एसएसबीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी पक्कं हवं म्हणून बाबांनी घरात फतवाच काढला होता, मराठी बंद. आई बिचारी भाजी वाढतानाही ‘टेक मोअर’ म्हणायची. दादा सिलेक्ट झाला, डेहराडूनहून खांद्यावर दोन स्टार लावून बाहेर पडला आणि गोरखा रायफल्समध्ये गेला. तिथे गेल्यागेल्या त्याला काय सांगितलं असेल? नेपाळी शिका!

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘अरे, हिंदी येतं ना त्यांना सगळ्यांना?’

येतं की. पण आपल्या सैन्यात रीतच आहे, अधिकाऱ्याने आपल्या जवानांची भाषा शिकायची. गोरख्यांच्या सात रेजिमेंट आहेत, १८१५ पासूनची ही परंपरा. १९४७ ला दहापैकी सहा रेजिमेंट भारताकडे राहिल्या, चार ब्रिटिशांकडे गेल्या, आणि सातवी आपण नंतर पुन्हा उभी केली. जवान नेपाळचे असतात, तसे दार्जिलिंगचे, डेहराडूनचे, धरमशाळेचेही असतात. आणि नेपाळी ही काही ‘फॉरेन लँग्वेज’ नाही बरं का. १९९२ साली कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तिघी एकाच घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात आल्या. मला हे दादामुळे कळलं, सिव्हिक्सच्या तासाला नाही.

तर मुद्दा असा, की मुलगा किंवा मुलगी सैन्यात भाषा शिकत असेल तेव्हा घरच्यांनी नेमकं काय करायचं, हे आपल्याकडे कुणालाच माहीत नसतं. फी भरणं माहीत आहे, डबा देणं माहीत आहे, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणं माहीत आहे. फोनवर तीनच प्रश्न असतात: जेवलास का, तब्येत बरी ना, आणि झाली का परीक्षा? तिसरा प्रश्न बाबांचा. रोजचा. महिनाभरात दादाचे फोन कमी झाले. ‘नेटवर्क नव्हतं’ म्हणायचा, आणि मला तो ऑनलाइन दिसायचा.

त्याचं काय होत होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. बावीस वर्षांचा, डिग्रीवाला, इंग्रजीत फाडफाड बोलणारा मुलगा. आणि हाताखालच्या तीसेक जवानांसमोर बोलायला उभा राहिला की तीन वर्षांच्या बाळासारखा बोलतो. त्याला सुचतं सगळं, तोंडातून निघतात चार शब्द. आणि ज्यांचं त्याने ऐकून घ्यायचं, ज्यांना हुकूम द्यायचे, त्यांच्याकडूनच शब्द शिकायचे. ही लाज मार्कांत मोजता येत नाही.

त्यात मराठी माणसाची आणखी गंमत होते. लिपी तीच, देवनागरी. त्यामुळे वाटतं, सोपंच आहे की. लंगरमध्ये स्वयंपाक्याने विचारलं, ‘मिठो छ, साब?’ दादाला वाटलं, मीठ बरोबर आहे का विचारतोय. म्हणाला, ‘अलि बढी भयो’, म्हणजे जरा जास्तच झालंय. सगळे हसले. ‘मिठो’ म्हणजे चविष्ट. मिठाला ते ‘नुन’ म्हणतात. मोठ्या भावाला ‘दाइ’ म्हणतात हे ऐकून तर आमची आजी दोन दिवस हसत होती. दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. नेपाळीत ‘तँ’, ‘तिमी’ आणि ‘तपाईं’ अशा तीन पायऱ्या आहेत. ‘तिमी’ कानाला आपल्या ‘तुम्ही’सारखं लागतं, म्हणून दादा बिनधास्त वापरत होता. पण मान द्यायचा तर ‘तपाईं’. बाबांपेक्षा पाच-सहाच वर्षांनी लहान असलेल्या सुभेदार साहेबांना तो पंधरा दिवस ‘तिमी’ म्हणत होता. ते काहीच बोलले नाहीत. एके दिवशी चहा घेताना शांतपणे तिन्ही पायऱ्या समजावून सांगितल्या. दादा त्या रात्री झोपला नाही.

हे तो बाबांना सांगणार होता का? ‘झाली का परीक्षा’च्या उत्तरात हे कुठे बसवायचं?

माझी मावशी म्हणते, त्याला त्याचं त्याचं राहू द्या, फौजी आहे, निभावेल. मला ते पटत नाही. निभावतील सगळेच, पण एकट्याने निभावायची गरज काय? बाबांनी तर दुसरं टोक गाठलं. मोबाइलवर भाषांतर करून ते दादाच्याच चुका काढायला लागले. मग मी त्यांच्याशी भांडले. घरात भांडायला मीच होते, आणि तुमच्या घरी हे काम तुम्हालाच करावं लागणार आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाट आईने काढली, तीही ठरवून नाही. एका रात्री तिने सहज विचारलं, ‘आज नवीन काय शिकलास, मला शिकव.’ आणि दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं: बिस्तारै, सावकाश. लिपी आपलीच, मग अडतंय कुठे? दुसऱ्या दिवशी ‘चिया’, मग ‘पसल’ म्हणजे दुकान. आईला शिकवताना दादालाच कळायला लागलं, आपल्याला कुठलं नीट येत नाही ते. बराकीत तो सगळ्यांत कच्चा विद्यार्थी, घरी आला की मास्तर. पाच-सात मिनिटं हे, आणि नंतर फक्त मराठी. शेजारच्या काकूंचं भांडण, माझं सबमिशन, मांजरीची पिल्लं. दिवसभर परक्या भाषेत डोकं पिळून निघाल्यावर माणसाला आपल्या भाषेत फालतू बोलायला मिळालं पाहिजे. मी तर म्हणेन, ते फालतू बोलणंच जास्त कामाचं.

आणखी एक, जरा कडक शब्दांत. तो कुठे आहे, कुणाबरोबर आहे हे खोदून विचारू नका आणि ‘प्राउड सिस्टर’ म्हणून त्याच्या तुकडीचे फोटो इन्स्टावर टाकू नका. मी एकदा टाकला होता. दादाने दहा मिनिटांत काढायला लावला, आणि त्याचं बरोबर होतं.

तुमच्यातल्या काहींना पुढे याहून अवघड भाषा वाट्याला येईल. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस १९४८ पासून आहे. २०२३ मध्ये सैन्याने तेजपूर विद्यापीठाशी करार केला, जवान-अधिकाऱ्यांना चिनी शिकवायला, सोळा आठवड्यांत. अमेरिकी सैन्याची भाषाशाळा कॅलिफोर्नियात माँटेरीला आहे. तिथे स्पॅनिशला ३६ आठवडे देतात आणि चिनी, अरबी, जपानी, कोरियनला ६४. म्हणजे सव्वा वर्ष घरच्यांनी ‘झाली का परीक्षा’ विचारत बसायचं? विचार करा.

बाबांच्या त्या हिंदीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी दादानेच दिलं. त्याच्या तुकडीतल्या एका जवानाने रजा मागितली होती. कारण हिंदीत सांगितलं, ‘घर में काम है.’ हिंदीत तेवढंच निघालं. नंतर रात्री पहाऱ्यावर दादाने मोडक्यातोडक्या नेपाळीत विचारलं, ‘घरमा के भयो, भाइ?’ मग तो बोलायला लागला, आईच्या आजारपणाचं. दादाला त्यातलं निम्मंच समजलं, पण तेवढ्यावर रजेचं काम झालं. हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते.

मला कधी कधी वाटतं, हेच उलटंही चालू असणार. मराठा लाइट इन्फंट्रीत केरळचा, पंजाबचा एखादा लेफ्टनंट आत्ता बेळगावात मराठी शिकत असेल आणि त्याची आई तिकडे फोनवर ‘जेवलास का’ म्हणायचा सराव करत असेल. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीतला मोल्सवर्थचा जाडजूड कोशही, १८३१ चा, कंपनी सरकारच्या फौजेतल्या मराठी शिकलेल्या अधिकाऱ्यानेच केलाय. मदतीला कँडी नावाचे जुळे भाऊ होते, तेही फौजेतलेच. म्हणजे आपली भाषा शिकताना अडखळलेल्या परक्या पोरांचं आपण थोडं देणं लागतो. पण हे जाऊ दे, विषय मोठा आहे.

गेल्या आठवड्यात दादाची परीक्षा झाली. निकाल काय लागला ते बाबांनी अजून विचारलेलं नाही. त्या दिवशी फोन त्यांनीच उचलला, आईची वही समोर धरून घसा साफ केला आणि म्हणाले, ‘तपाईंलाई सन्चै छ?’

पलीकडून दादा खो खो हसला. ‘बाबा, मला तपाईं नका म्हणू, तिमी म्हणा.’

बाबांनी पेन मागितलं आणि वहीत लिहून घेतलं.