गाण्याच्या यंत्राला वीज कुठून द्यावी?

सुगी आटोपून हातात चार पैसे आले की घरातल्या तरुण मंडळींचा पहिला हट्ट असतो तो गाण्याच्या यंत्राचा. कधीकाळी तो रेडिओचा होता, मग टेपचा झाला. आता ॲम्प्लिफायर, दोन उंच स्पीकर, त्याला जोडलेला टीव्ही आणि गच्चीवरची डिश असा सगळा संसारच ओसरीवर येऊन बसतो. दुकानदार यंत्र वाजवून दाखवतो आणि पैसे मोजताना हळूच एक चकचकीत प्लगपट्टी पुढे सरकवतो. ‘दादा, हीसुद्धा न्या. हिच्यातून करंट शुद्ध होऊन येतो, आवाज खुलतो.’

ती पट्टी घेण्याआधी थोडा हिशेब करू. यंत्र १०० वॉट वीज खात असेल, तर २३० व्होल्टवर ते अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट ओढते. बादलीत टाकायचा १५०० वॉटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. त्यातही घरात ऐकण्याइतका आवाज ठेवला तर स्पीकरला जेमतेम काही वॉट लागतात. बाकीची ताकद लग्नावरातीपुरती. एवढ्याशा करंटसाठी अंगठ्याएवढी जाड वायर आणि सोन्याचे पाणी दिलेला प्लग कशाला? खांबापासून मीटरपर्यंत जी तार आली आहे ती आली आहे. शेवटच्या दोन हातांत वीज शुद्ध होत नाही. ते पैसे दुसरीकडे खर्चायचे आहेत, आणि ती जागा अंगणात आहे.

ती जागा म्हणजे अर्थिंगचा खड्डा. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन कशासाठी असते हे पुष्कळ घरांत कोणाला ठाऊकच नसते. ती लांब एवढ्यासाठी की प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. ॲम्प्लिफायरची पेटी लोखंडी असते. आतली फेजची तार कधी घासून पेटीला लागली, तर वीज या पिनेतून जमिनीत जाते आणि अर्थिंग चांगले असेल तर फ्यूज किंवा एमसीबी पडून वीज बंद होते. ही वाट नसेल, तर शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून आवाजाचे बटण फिरवणारे लेकरू हीच ती वाट होते.

म्हणून यंत्र आणण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा आणि अर्थिंग तपासायला सांगा. अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित पाईप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळे, ही जुनी पद्धत आजही चांगली आहे. मात्र चैत्र-वैशाखात जमीन सुकली की त्याचे बळ जाते. अधूनमधून बादलीभर पाणी ओतण्याचे काम घरातल्या एकाच्या नावावर लावून द्यावे. वायरमन बोर्डातला फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जुना तारेचा बल्ब लावून पाहील. तो मिणमिणला तर अर्थिंग वाईट हे नक्की. पूर्ण पेटला तरी तेवढ्यावर समाधान न मानता मीटर लावून ओहम मोजून घ्यावेत. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच ती पडेल. ते तिचे कामच आहे.

इथे एक जीवघेणी युक्ती सांगायलाच हवी. खड्डा खणायचा कंटाळा म्हणून काही जण बोर्डातल्या बोर्डात न्यूट्रलची तार अर्थच्या भोकाला जोडून देतात. बल्ब झकास पेटतो, मालक खूश होतो. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटली की त्या बोर्डाला लावलेल्या यंत्राच्या पेटीवर थेट फेजची वीज उतरते, आणि यंत्रात काही बिघाड नसतानाही ते मारते. तुमच्या बोर्डात असे केले असेल तर आजच काढून घ्या. प्लास्टिकचे पाईप आल्यापासून नळाला अर्थ जोडण्यातही अर्थ राहिलेला नाही.

काही नव्या यंत्रांना दोनच पिना असतात आणि मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांचे आवरण दुहेरी असते, त्यांना अर्थ लागत नाही. तिथे मुद्दाम तिसरी तार जोडत बसू नये.

आता घुमण्याविषयी. यंत्र लावले, गाणे बंद आहे, तरी स्पीकरमधून भुंग्यासारखा ‘हंऽऽ’ येत राहतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तिचाच हा आवाज. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, टीव्ही समोरच्या भिंतीवरच्या बोर्डावर आणि डिशची केबल गच्चीवरच्या लोखंडाला टेकलेली, म्हणजे जमिनीला जाणाऱ्या दोन-तीन वाटा झाल्या. त्या वाटांच्या फेऱ्यात थोडा करंट फिरतो आणि तो गाण्यात मिसळतो. डिशची केबल टीव्हीतून काढून पाहा. आवाज थांबला तर चोर सापडला. मग सगळी यंत्रे एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर आणावीत. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन्हींना सोय असेल तर मधली जोडणी प्रकाशाच्या ऑप्टिकल केबलने करावी. तिच्यातून वीज जातच नाही. पण काही शहाणे प्लगची अर्थपिनच मोडून टाकतात. घुमणे थांबते, कबूल. त्यासोबत वर सांगितलेले संरक्षणही जाते.

फ्रिज किंवा घरगुती चक्की सुरू होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ वाजते, कारण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मुख्य बोर्डापासून ओसरीसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर आणि वेगळी एमसीबी टाकली की हा त्रास बराच कमी होतो. त्या वायरवर एक चांगला बोर्ड आणि फार तर आयएसआय छापाची एक तीनतारी पट्टी, एवढे पुरे. त्याच वेळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. करंट भलत्या वाटेने गेला की ती क्षणात पडते. तिच्यावर चाचणीची कळ असते. अमावास्येला किंवा पौर्णिमेला, जे लक्षात राहील तेव्हा, महिन्यातून एकदा ती दाबून पाहावी.

स्टॅबिलायझर घ्यावा का? आधी यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल, तर कमी दाबासाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. २३० एवढेच असेल आणि संध्याकाळी दिवे पिवळे पडत असतील, तर घ्यावा. खरा धोका कमी दाबाचा नाही, चढ्या दाबाचा आहे. डीपीवर शेतीपंपांचाही भार असेल तर पंप बंद झाले की घरातला दाब चढतो. आणि डीपीची न्यूट्रल सुटली तर ज्या घरात भार कमी, तिथे २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. दिवे एकाएकी पांढरेशुभ्र झाले की विचार न करता मुख्य स्विच पाडावा. स्टॅबिलायझर घेताना दाब फार चढल्यास तो वीज तोडतो का, आणि गेलेली वीज आल्यावर काही मिनिटे थांबून मग देतो का, हे दोन प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावेत.

इन्व्हर्टरवर यंत्र चालवायचे असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचे यंत्र गुरगुरते आणि तापते.

वळवाचे ढग दिसू लागले, लांब कुठे गडगडले, की प्लग काढून ठेवावा आणि डिशची केबलही टीव्हीतून सोडवावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. बटणाच्या आतली फट काही मिलिमीटरांची, आणि जी वीज आभाळातून शेतापर्यंत येते तिला ती ओलांडायला वेळ लागत नाही. वीज डोक्यावर कडकडू लागल्यावर मात्र प्लगला किंवा केबलला हात लावायला धावू नका. यंत्र जळाले तर जळू द्या.