दोन गावांची हवा

निवृत्तीनंतर राहायचे कोठे, यावरून आमच्या घरात दोन तट पडले. मी रत्नागिरीचा, ही अलिबागची. दोन्ही गावे समुद्रकाठची. थंडीत रजई नको. सकाळी मतलई वारा, दुपारी खारा. घाम मात्र दोन्हीकडे सारखाच! अलिबाग जरा उत्तरेला, म्हणून पौषातली पहाट तेथे थोडी अधिक गार, एवढाच काय तो फरक.

अखेर मी पावसाचे आकडे काढले. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरांच्या वर, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. “पाहा, पाणीच पाणी!” मी विजयाने म्हणालो.

“अहो, मग वैशाखात सासूबाई मैलभरावरून हंडे का आणीत होत्या?”

मी गप्पच झालो. सड्यावरचा पाऊस कातळावरून ओढ्यात आणि ओढ्यातून समुद्रात जातो. जांभ्यात मुरतो तोही झिरपून निघून जातो. माझ्या आकड्यांत पाऊस होता, आईचा हंडा नव्हता.

वाचकहो, घर अलिबागला घेतले. हिची अट एकच होती : आधी विहिरीचे पाणी चाखायचे, मग घर पाहायचे. खाऱ्या पाण्याची तीन घरे आम्ही उंबऱ्यावरूनच परत केली.