दावा मोठा, पण पैसा कुणाच्या पदरात?

बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई, मनोरी, कुळवेम हा पट्टा लागतो. इथे थोडी भाजी, थोडी मासळी आणि घरातल्या एखाद्याची नोकरी यांवर संसार चालतात. जमिनीचा तुकडा विकला किंवा कुणी निवृत्त झाले, की एकरकमी पैसा हाती येतो, आणि हल्ली तो शेअरमध्येही जातो. म्हणूनच कृषी विस्ताराच्या माणसाला बियाण्या-खताबरोबर आता हेही विचारले जाते : "साहेब, कंपनी बुडाली. पण लुटणाऱ्यांवर हजारो कोटींचा दावा लावलाय म्हणे. शेअर ठेवू का? स्वस्तात आहेत तर आणखी घेऊ का?"

प्रश्न वाजवी आहे. मात्र दावा खरा आहे की खोटा, एवढ्यावर त्याचे उत्तर ठरत नाही. सातबारा हाती आला की आपण आधी इतर हक्कातला बोजा बघतो. गहाण रानात पीक कितीही जोमदार आले तरी आधी सोसायटीचे कर्ज फिटते, मग उरले तर आपले. बुडालेल्या कंपनीचा दावा म्हणजे असेच गहाण रानातले उभे पीक आहे.

कंपनी अवसायनात निघाली तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ रांग ठरवून देते. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारणवाले धनको. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, मग उरलेली कर्जे, मग प्रेफरन्स शेअरवाले. तुम्ही-आम्ही साधे भागधारक अगदी शेवटी. आणि कंपनी मोडीत न काढता दुसऱ्याने विकत घेतली, तरी भागधारकाच्या वाट्याला काय येणार हे बहुधा याच रांगेवरून ठरते.

मुंबईच्याच दिवाण हाऊसिंग फायनान्सचे, म्हणजे डीएचएफएलचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. दिवाळखोरीत मान्य झालेले दावे सुमारे ८७,००० कोटी रुपयांचे होते. पिरामल समूहाची ३४,२५० कोटींची योजना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने ७ जून २०२१ रोजी मंजूर केली. मोठ्या ठेवी ठेवणाऱ्यांना रुपयामागे साधारण २३ पैसे मिळाले. भागधारकांना शून्य. शेअर बाजारातून काढले गेले आणि जुने शेअर रद्द झाले. गंमत अशी, की त्याच्या आदल्या दिवसांपर्यंत लोक ते शेअर खरेदी करत होते.

आता दाव्याचे बघू. जुन्या चालकांनी फसवणुकीने पैसा बाहेर नेला, तो परत मिळावा, असे सुमारे ४५,००० कोटींचे अर्ज कलम ६६ खाली प्रशासकाने केले होते. आकडा ऐकून कुणाचेही डोळे विस्फारतील. पण जरा हिशेब मांडा. कंपनीच्या गल्ल्यातली शिल्लक धरून धनकोंना सुमारे ३८,००० कोटी मिळाले. त्यात हे ४५,००० कोटी पैसा न पैसा वसूल होऊन मिळवले, तरी बेरीज ८३,००० कोटी. देणी ८७,००० कोटींची. म्हणजे खटला शंभर टक्के जिंकला असता, तरी भागधारकापर्यंत दमडी पोहोचली नसती.

बरे, ती वसुली धनकोंच्याही वाट्याला राहिली नाही. धनकोंच्या समितीने तिची किंमत एक रुपया धरून ती नव्या मालकाला देऊन टाकली होती. २७ जानेवारी २०२२ रोजी अपील न्यायाधिकरणाने यावर फेरविचार करायला सांगितले. पण १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजना कायम ठेवली. कलम ६६ ची वसुली पिरामलकडे गेली.

मग भागधारकाला कुठेच दाद नाही का? सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण आठवते. २००९ मध्ये तिचा घोटाळा उघड झाला. अमेरिकेतल्या भागधारकांनी एकत्र खटला भरला आणि २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. पण सत्यमला खरेदीदार मिळाला होता, ती चालू राहिली होती, तिच्याकडे द्यायला पैसा होता. आपल्याकडे तेव्हा अशा सामूहिक दाव्याची सोय नव्हती. ती २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २४५ ने आली. तिच्याखाली संचालक आणि हिशेब तपासनीस यांच्याकडूनही भरपाई मागता येते. पण त्यासाठी पुरेसे भागधारक एकत्र यावे लागतात, आणि समोरच्याकडे देण्याजोगा पैसा असावा लागतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा बुडालेल्या कंपनीचा दावा ऐकला की तीन गोष्टी कागदावर लिहून काढा. पहिली, दाव्याचा पैसा आला तर मंजूर योजनेप्रमाणे तो कुणाचा? दुसरी, आपल्यापुढच्यांची एकूण देणी किती, आणि दावा पुरता जिंकला तरी ती फिटून काही उरते का? तिसरी, ज्याच्यावर दावा आहे त्याच्याकडे वसूल करण्यासारखे काही आहे का? यातल्या एकाचे जरी उत्तर आपल्या विरुद्ध गेले, तर वकिलाच्या फीपायी आणखी खिसा रिकामा करू नका. वाटलेच तर योजना मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते, फार तर आणखी १५ दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर धावपळ करणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

शेअर दहा रुपयांवर आला म्हणून तो स्वस्त होत नाही. शेवटी त्याचे शून्यच होणार असेल, तर ते दहा रुपयेही महागच. त्या पैशात या हंगामाचे बियाणे येते किंवा जाळे दुरुस्त होते. लुटणाऱ्यांना शिक्षा व्हावी असे आपल्या सर्वांनाच वाटते, आणि ती व्हायलाच हवी. पण कोर्टात न्याय होणे आणि आपले पैसे परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणी एजंट एकीचे नाव सांगून दुसरीसाठी पैसे मागायला आला, तर त्याला हाच हिशेब मांडून दाखवायला सांगा.