मोडीत निघालेली कला
(द्वितीय वर्ष, कला)

जुन्या वस्तूंचा संग्रह हा पैसेवाल्यांचा छंद, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. ज्याचा वाडा, त्याचीच झुंबरे! ज्याच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा माझ्यासारख्याने कलेच्या रसास्वादाविषयी लिहावे, हेही काहींना चमत्कारिक वाटेल. पण या बाबतीत आपला अधिकार थोडा अधिकच आहे. काचेच्या कपाटात मानाने बसलेल्या कितीतरी वस्तू आपल्यासारख्यांच्याच घरांतून मोडीच्या भावाने बाहेर पडलेल्या असतात.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. काय आहे तेथे? दिवे, अडकित्ते, वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी! सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. तरीही कुणा कारागिराला त्या पात्याचा राघू करावासा वाटला. तो का वाटला असेल, एवढा प्रश्न मनात आला की रसास्वादाला सुरुवात झाली. त्यासाठी जाडजूड ग्रंथ लागत नाहीत.

नवशिक्यांनी मात्र सांभाळून राहावे. जुने पितळ मिळाले की चिंच लावून लखलखीत करण्याचा मोह होतो. त्यात बारीक नक्षी झिजते आणि वयाची खूणही जाते. जत्रेत ‘शिवाजी महाराजांचे नाणे’ म्हणून मिळणारी शिवराई पुष्कळदा पेशवाईतली असते, कारण महाराजांचे नाव नाण्यांवर पुढेही चालू राहिले. काही तर सरळसरळ नकली असतात. देवळातल्या मूर्तीच्या वाटेला तर जाऊच नये. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते, आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

पण मला खरे बोलायचे आहे ते नावांविषयी. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे: कुणी दिले, कुणाला, कधी. आमच्या घरातली तांब्याची घागर स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात गेली. घरच्यांना मी दोष देत नाही. डबे रोज लागतात. पण ती कोणत्या बाजारातून आणली, काठावर कुणाचे नाव होते, हे आजीला अजून तोंडपाठ आहे. घागर विकली गेली, पण तिची हकिकत अजून आमच्याच घरात आहे. दिवाणखान्याच्या शोभेसाठी भांडी घेणारे काही हौशी लोक नेमके ते नावच घासून काढायला सांगतात, म्हणे दिसायला बरे दिसत नाही! असे भांडे फुकट मिळाले तरी मी घेणार नाही.

तेव्हा मित्रहो, पैसे नसले तर वस्तू राहू द्या, एक वही घ्या. सुट्टीत गावी गेलात की माळ्यावरचे प्रत्येक भांडे खाली काढा. त्यावरचे नाव, वजन, कोण वापरत असे, कशासाठी, सारे उतरवून घ्या. आजीला विचारा, शेजारच्या काकूंना विचारा. मी अशी वही सुरू केली आहे, त्यात आतापर्यंत अकरा भांडी झाली. आणखी कुणाकडे असेल तर मला पाहायला आवडेल.